सेकंडहँड गाडी घेताय? आधीच्या मालकाचा डावा पाय ओळखा

बीडहून लातूरला परत येत होतो. गाडी घेऊन सोळा दिवस झाले होते. मांजरसुंब्याच्या चढाला पुढे उसाची ट्रॉली लागली. तिच्यामागे रांगत चढताना इंजिनाचा आवाज वाढत गेला, गाडी मात्र जागची हलेना. मग जळका वास आला. मागच्या सीटवर आईने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "काहीतरी करपायलंय बघ."

करपलं होतं ते क्लच. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गियरबॉक्स उतरवला आणि प्लेट माझ्या हातात ठेवली. अस्तर घासून रिवेट उघडे पडलेले, प्रेशर प्लेट उष्णतेने निळी झालेली. मिस्त्री म्हणाला, "सोळा दिवसांत असं होत नसतंय सायब. आधीचा मालक पाय क्लचवर ठिवूनच गाडी चालवायचा. त्येचा डावा पाय तुमी इकत घेतलाव." अकरा हजार गेले.

त्यानंतर मेहुण्यासाठी, शेजारच्या गुरुजींसाठी, चुलतभावासाठी मिळून दहा-बारा जुन्या गाड्या बघितल्या. दोन घेतल्या, बाकीच्या सोडल्या. गियरची, चार दाराची, घरात वापरायची गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी त्यातलं कामाचं तेवढं लिहितो.

आधी घरातली माणसं मोजा

गाडी बघायला निघण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं घरातच मिळवा. मागे नेहमी कोण बसणार? आणि रोजचा रस्ता कुठला?

घरात गुडघे दुखणारी आजी असेल तर बुटकी सेडान तिला त्रासाची. वॅगनआरसारखी उंच गाडी दिसायला डबा वाटते, पण आजी तिच्यात न वाकता बसते. लग्नसराईत बॅगा, आहेराच्या पिशव्या आणि पाच माणसं न्यायची असतील तर डिकीवाली सेडान बरी. डिझायर, अमेझ, टिगोर, एक्सेंट या गाड्यांची शेपटी तोडल्यासारखी का दिसते, याचं कारण सरकारी आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्क कमी झाला आणि कंपन्यांनी डिक्या कापल्या. टोयोटाची इटिऑस चार मीटरच्या वर आहे, म्हणून तिची डिकी मोठी. ही गाडी टॅक्सीतही भरपूर चालली, त्यामुळे ती घेताना जास्त डोळसपणे बघा.

इंधनाचं गणित साधं आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटरच चालवणार असाल तर पेट्रोल घ्या. डिझेल स्वस्त पडतं म्हणणाऱ्यांनी महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर चालवावेत, मग बोलावं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा जास्त कडक नियम लागू झाला. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि वेगात पळावी लागते. घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढंच करणाऱ्याची जाळी चोंदते आणि खर्च मोठा बसतो. त्याआधीची बीएस-४ डिझेल गाडी या बाबतीत साधी. मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेलच बंद केलं, त्यामुळे डिझेल डिझायर मिळेल ती त्याआधीचीच.

सीएनजीवाली बघत असाल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि टाकीची तपासणी झालेली आहे का, हे बघा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते. आणि डिकी उघडून बघा, टाकीने निम्मी जागा खाल्लेली असते. आहेराच्या पिशव्या मग मांडीवर.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना त्याचं कौतुक नाही. साधारण एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार आहेत. त्याआधीची घेतली तर इंधनाच्या नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

अजून एक. फोर्डने २०२१ मध्ये भारतात विकायच्या गाड्या बनवणं थांबवलं, शेवरोलेने २०१७ च्या शेवटी इथली विक्री बंद केली. या गाड्या स्वस्तात मिळतात आणि काही खरंच दणकट आहेत. पण हिंगोलीत किंवा भूममध्ये आरशाच्या काचेसाठी आठवडा थांबायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. पहिली गाडी अशी घ्यावी जिचा सामान तालुक्याच्या दुकानात मिळतो.

नंबर मागा आणि फोनवरच अर्धं काम करा

विकणाऱ्याकडे आधी फोटो मागू नका, नंबर मागा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी कोणत्या तारखेला नोंदली, कितवा मालक, विमा-पीयूसी कधीपर्यंत आणि कर्ज आहे का, हे दिसतं. नंबर द्यायला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे जाऊच नका.

एमएच-२० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई, ५५ उदगीर. आपल्या भागातला नंबर असेल तर पुढे-मागे मालकाचं गाव, त्याचा धंदा विचारता येतो. दिल्ली पासिंगची गाडी हमखास स्वस्त दिसते. तिकडे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली आणि त्या इकडे वाहत आल्या. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हा सगळा खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही. पहिल्या गाडीला हा उद्योग नको.

सातबाऱ्यावरचा बोजा आपल्याला कळतो, तसाच आरसीवरही बोजा असतो. बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव दिसलं तर "कर्ज कधीच फिटलंय" या बोलण्यावर जाऊ नका. कर्ज फिटणं वेगळं आणि बोजा उतरणं वेगळं. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय नाव निघत नाही. चुलतभावाच्या गाडीचं कर्ज खरोखर फिटलेलं होतं, पण आधीच्या मालकाने कागद आणलेच नव्हते. त्यात चार महिने गेले, तोवर गाडी दारात आणि नाव दुसऱ्याचं.

वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) शेवटचे चार आकडे टाकून दंड थकलाय का तेही बघून घ्या. आरसीवर वाहनाचा वर्ग वाचा. आज पांढरी पाटी असली तरी ती कधीकाळी पिवळी असू शकते. पंधरा वर्षं पुरी होत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्याच गळ्यात पडणार. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय ना ते बघा. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

सकाळी, थंड गाडी

भेट सकाळी सातची ठरवा आणि सांगा, "आम्ही येईपर्यंत सुरू करू नका." पोचलात की नमस्कार करता करता बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, काहीतरी लपवायचंय. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं का, हेच तर बघायचं असतं, विशेषतः डिझेलचं.

सुरू करताना एकाला मागे सायलेन्सरजवळ उभं करा. सुरुवातीचा थोडा पांढरा वाफारा हिवाळ्यात चालतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकिटवर संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. आल्या पावली परत फिरा.

आपल्याकडची खास गोष्ट रेडिएटरची. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्या इथं खूप. इंजिन थंड असतानाच झाकण उघडा. आत हिरवं, निळं किंवा लाल कूलंट दिसायला हवं. गढूळ, गंजकट पाणी दिसलं की समजा, आतून भांड्याला क्षार धरतात तसे धरलेत. मे महिन्यात पारा त्रेचाळीसला गेला की ही गाडी एसी लावल्यावर तापणार. त्यामुळे एसीही वीस मिनिटं चालवून, गाडी उभी असताना बघा. पळत्या गाडीत वारा लागतो, तेव्हा बिघडलेला एसीही थोडा थंड करतो.

चारही दारं उघडा

लोक पुढचंच दार उघडून आत बसतात. मी आधी मागची दोन्ही उघडतो. घरच्या गाडीत मागची दारं पुढच्यांच्या मानाने खूप कमी उघडली जातात. मागचं दार लोंबकळत असेल, उंबऱ्याची पट्टी चपलांनी खरवडलेली असेल, मागची सीट दोन्ही कडांना दबलेली असेल आणि विकणारा "मास्तरांची गाडी, एकट्यानंच चालवली" म्हणत असेल, तर त्या मास्तरांनी शाळा सोडून काळी-पिवळीचा धंदा केलेला असतो.

दाराचं रबर हाताने ओढून खाली बघा. कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके सरळ रांगेत आणि सारख्या अंतरावर असतात. ठोकून सरळ केलेल्या पिलरवर, म्हणजे दारालगतच्या उभ्या खांबावर, ते ठिपके नसतात किंवा वाकडेतिकडे असतात. नुसता बंपर किंवा फेंडर रंगवलेला असेल तर घाबरू नका, आपल्या रस्त्यांवर दहा वर्षं चालून खरचटली नाही अशी गाडी मला अजून दिसलेली नाही. पण पिलर, छत किंवा इंजिनासमोरची चौकट ठोकलेली असेल तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.

सगळ्या काचांवर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो. एकच काच वेगळ्या कंपनीची किंवा वेगळ्या सालाची निघाली तर त्या बाजूला काय झालं होतं, ते विचारा. काचा चारही दारांच्या बटणांनी आणि ड्रायव्हरजवळच्या बटणांनीही वर-खाली करून बघा. घरात लहान मूल असेल तर मागच्या दारांचं चाइल्ड लॉक चालतं का तेही.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, ते आपण डोळ्यांनी बघितलंय. त्या धुऊन-पुसून बाजारात येणारच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ असते. पायातला गालिचा उचलून वास घ्या. स्टेपनीच्या खड्ड्यात काळ्या मातीचा बारीक थर बसतो, तो प्रेशरच्या पाण्यानेही सगळा निघत नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या असतील तर बाकी काही बघायची गरज नाही.

आता डावा पाय

ऑटोमॅटिक गाडीत मालकाची सवय तितकी उमटत नाही. गियरच्या गाडीत ती क्लचमध्ये लिहिलेली असते. म्हणून इथं घाई करू नका.

आधी इंजिन बंद ठेवून पायातली तीन पेडल बघा. मीटर चाळीस हजार दाखवतोय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, गियरच्या दांड्यावरचे आकडे पुसलेत, स्टिअरिंगची कड चकाकतेय. मग मीटर पाडलेला आहे. रबर कोरं करकरीत नवं असेल तरी तेच समजा, कारण चाळीस हजारांत रबर बदलायची वेळ येत नाही. वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटर हा घरच्या गाडीचा साधारण हिशेब. अधिकृत सर्व्हिस सेंटरची बिलं असतील तर त्यावरचे आकडे तारखेनुसार वाढत गेलेत का बघा. मेहुण्यासाठी बघितलेल्या एका गाडीचं बिल सीटच्या मागच्या कप्प्यात सापडलं. दोन वर्षांपूर्वी एक लाख अठरा हजार, आणि मीटरवर आज बासष्ट हजार! विकणाऱ्याने ते बिल माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि खिशात घातलं. पुढे बोलणंच झालं नाही.

आता इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलला ठेवून क्लच सावकाश दाबा आणि सोडा. दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग गेलंय. उलट, सोडलेलं असताना आवाज आहे आणि दाबलं की जातो, तर गियरबॉक्समधलं बेअरिंग. पहिल्याचा खर्च क्लचच्या कामाबरोबर निभावतो, दुसऱ्याचा मोठा.

मग पहिला गियर टाकून, ॲक्सिलरेटर न देता क्लच सोडत आणा. पेडल कुठं असताना गाडी हलायला लागते? मधे कुठंतरी हलली तर ठीक. पाय जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच हलली तर प्लेट संपत आली. मिस्त्री लोक म्हणतात, "क्लच वर धरायलंय." निघताना गाडी थरथरत असेल तर प्लेट तापून खराब झालेली किंवा इंजिनाचं माउंटिंग सैल.

शेवटची परीक्षा मोकळ्या, सपाट जागी. समोर कुणी नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गियर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. चांगल्या क्लचला इंजिन धक्का देऊन लगेच बंद पडतं. इंजिन घुमतच राहिलं आणि गाडी बंद पडेना, तर क्लच घसरतंय. हे एकदाच करा, दहादा करून दुसऱ्याचं क्लच जाळू नका. लहान पेट्रोल गाडीचं क्लच मजुरीसह सात-आठ हजारांपासून पुढे पडतं, डिझेलचं जास्त. म्हणजे क्लच संपलंय एवढ्यावरून गाडी सोडायची नसते, तेवढे पैसे भावातून कमी करायचे असतात. मला हे माहीत असतं तर अकरा हजार विकणाऱ्याच्या खिशातून गेले असते.

रस्त्यावर

गावातल्या चौकातून एक चक्कर म्हणजे ट्रायल नव्हे. किमान अर्धा तास चालवा आणि चढ असलेला रस्ता निवडा. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना करकर वाजतं का? वाजत असेल तर आतली पितळी रिंग झिजलीय. हा दोष दुसऱ्या गियरमध्ये आधी दिसतो. चौथ्यात पळताना ॲक्सिलरेटर सोडून द्या, गियर आपोआप न्यूट्रलला उडी मारता कामा नये. रिव्हर्स टाकताना गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन सेकंद थांबा. तरी करकरलं तर नोंद घ्या. चढावर चौथ्यात असताना एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज पळाला आणि वेगाचा काटा जागेवरच, हाच तो मांजरसुंब्याचा आजार.

मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. टक-टक आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेला. खड्ड्यातला खडखडाट बुश, लोअर आर्म, शॉकअबचा, तो दुरुस्त होतो आणि मराठवाड्यात सगळ्यांनाच होतो.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं. अशा टायरवर उन्हाळ्यात समृद्धी महामार्गाला ताशी १२० ने जाणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. चार टायरचे पैसे हिशेबात धरा.

मिस्त्री, भाव आणि इसार

मिस्त्री तुमचा हवा, विकणाऱ्याने आणलेला नको. पाचशे-हजार रुपये द्या, गाडी लिफ्टवर चढवून खालून बघू द्या. अशा वेळी मिस्त्री बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. ती बघा.

भाव सांगताना गाडीला नावं ठेवू नका, खर्च मोजा. क्लच आठ, टायर सोळा, बॅटरी पाच, एसीचा गॅस दोन. कागदावर लिहून समोर ठेवा. माळेगावच्या यात्रेत बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, इथं उघडा हिशेबच जास्त काम करतो. सोयाबीनचे पैसे हातात आले की दसरा-दिवाळीत गाड्यांना गिऱ्हाईक वाढतं. थांबता येत असेल तर संक्रांतीनंतर बघा.

इसार द्यायचा तर थोडा, तोही बँकेतून. इसारपावतीवर गाडीचा नंबर, चॅसी नंबर, ठरलेली रक्कम, कागद कधी मिळणार आणि सौदा मोडला तर पैसे परत, एवढं लिहून घ्या. डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून त्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते बघायला मागा.

नावावर झाल्याशिवाय गाडी तुमची नाही

फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे ओळखीचे कागद, चॅसी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "करू सावकाश" म्हणणारे दोघंही चुकतात. रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या दाव्यात सांगितलं. म्हणजे विकून टाकलेल्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या दारात. हे विकणाऱ्याला नीट समजावून सांगितलं की तो स्वतःच आरटीओत यायला तयार होतो.

विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज करा. विम्यातला नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे हप्ता थोडा वाढला तर एजंटाशी भांडू नका.

शेवटचे पैसे देताना दुसरी चावी मागून घ्या. मग गाडी सरळ गॅरेजला न्या. इंजिन ऑइल, ऑइल आणि एअर फिल्टर, गियर ऑइल आणि कूलंट, सगळं बदलून मीटरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरी आल्यावर पूजेच्या वेळी नारळ बंपरवर नको, बाजूच्या दगडावर फोडा. आमच्या गाडीच्या बंपरला पहिली चीर तिथंच पडली.